मेणाच्या वडीतली साक्ष

माझ्या कपाटाच्या ज्या कप्प्यात मुदत ठेवींच्या पावत्या आणि घराचे खरेदीखत आहे, त्याच कप्प्यात एक लहानसे पाकीट आहे. पाकिटात प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीवर बसवलेली मेणाची एक वडी आहे, साधारण कॅरमच्या सोंगटीएवढी. मेण पांढुरके, आणि त्याच्या मधोमध वाळलेल्या चिंचेच्या कपच्यासारखा एक तपकिरी डाग. हा डाग म्हणजे २०१८ साली माझ्या धाकट्या भावाच्या मोठ्या आतड्यातून काढलेल्या गाठीचा तुकडा. ती वस्तू घरात ठेवायला भावजय तयार नव्हती. ‘वन्सं, तुमच्याकडेच असू द्या. तुम्हाला किल्ल्या सांभाळायची सवय आहे,’ असे म्हणून तिने ते पाकीट माझ्या हातात दिले.

सवय होती हे खरे. १९८२ साली मी बँकेत लागले आणि २०२० साली निवृत्त झाले. अडतीस वर्षांत तिजोरीच्या किल्ल्या, गहाणखते, लोकांची मंगळसूत्रे असे बरेच काही सांभाळले. पण ज्याची किंमत लावता येत नाही असा ऐवज हा पहिलाच. या वडीने आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. भावाच्या दुखण्याचा पुढचा रस्ता कसा असेल, हे सांगितले. चाळीस वर्षांपूर्वी वडील कशाने गेले असावेत, हे सांगितले. आणि माझ्या स्वतःच्या शरीरात काय दडून बसलेले असू शकते, तेही सांगितले. गाठीच्या ऊतकातल्या खुणा वाचून रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याचे जे शास्त्र आहे, त्याची आणि माझी ओळख अशी घरातच झाली.

भाऊ तेव्हा एक्कावन्न वर्षांचा. जिना चढताना दम लागू लागला, चेहरा पांढराफटक पडला. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. एका डॉक्टरांनी मूळव्याधीचे निदान करून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि आम्ही आठ महिने त्या गोळ्यांवर विसंबून राहिलो. दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हे. आम्हालाही मूळव्याध हा शब्द ऐकायला बरा वाटत होता. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात अन्नाचा चोथा अजून पातळ असतो. तिथे गाठ वाढली तरी वाट लवकर अडत नाही, झिरपणारे रक्तही डोळ्यांना दिसत नाही. माणूस फक्त हळूहळू पांढरा पडत जातो. शेवटी पुण्यात दुर्बीण घालून पाहिले तेव्हा गाठ सापडली आणि आठवड्याभरात शस्त्रक्रिया झाली.

अहवाल आला. गाठ आतड्याच्या भिंतीतून आरपार बाहेर आलेली, पण आसपासच्या अठरा रसग्रंथी तपासल्या त्यांतल्या एकीतही रोग नाही. म्हणजे दुसरी पायरी. चारांपैकी दुसरी. भावजयीने विचारले, ‘म्हणजे पास की नापास?’

थकबाकी आणि कर्जदार

ही पायऱ्यांची भाषा जुनी आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची एक साधी वर्गवारी मांडली. गाठ भिंतीच्या आत असेल तर ‘ए’, भिंत ओलांडून बाहेर गेली तर ‘बी’, रसग्रंथींत पोचली तर ‘सी’. दूरच्या अवयवांत पसरलेल्या रोगासाठी ‘डी’ हा वर्ग पुढे इतरांनी जोडला. आज जगभर वापरात असलेली पद्धत अधिक बारकाव्यांची आहे, पण तिचा गाभा तोच: रोग कुठवर पोचला? आणि ही मोजणी निरर्थक मुळीच नाही. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातले नव्वदांच्या आसपास रुग्ण हयात असतात. शेजारच्या ग्रंथींपर्यंत गेला असेल तर सत्तरांहून थोडे अधिक. यकृत-फुप्फुसांपर्यंत गेला असेल तर पंधरांच्या आसपास.

हे सगळे डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा मला आमचा बँकेतला ‘हेल्थ कोड’ आठवत होता. १९८५ साली रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांची प्रकृती पाहून त्यांचे आठ वर्ग करायला सांगितले. पहिला वर्ग समाधानकारक, शेवटचा बुडीत व संशयित. मधल्या वर्गांत चक्क ‘आजारी पण जगण्याजोगे’ आणि ‘आजारी, न जगण्याजोगे’ असे शब्द होते, आणि पहिल्या प्रकारच्या खात्याच्या शुश्रूषेला ‘नर्सिंग’ म्हणत. १९९२-९३ पासून नरसिंहम समितीच्या शिफारशींनुसार आठाचे चार वर्ग झाले. खात्याची थकबाकी किती आणि किती काळाची, यावर वर्ग ठरे. पण शाखेत बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असे, जी कोणत्याही तक्त्यात नसे. एकाच वर्गातले दोन कर्जदार एकाच वाटेने जात नाहीत. एकाचा ऊस पावसाने गेलेला असतो, तो पुढच्या हंगामात दारात उभा राहून पै न् पै फेडतो. दुसऱ्याची थकबाकी त्याच्याहून कमी असते, पण त्याची वृत्तीच बुडवण्याची असते. थकबाकी कुठवर गेली हे कागद सांगतो. कर्जदार कसा आहे हे सांगत नाही.

पायरी म्हणजे थकबाकी. ऊतकातल्या खुणा म्हणजे कर्जदाराची वृत्ती. दुसऱ्या पायरीवरचे बहुतेक रुग्ण नुसत्या शस्त्रक्रियेने बरे होतात, काहींचा रोग उलटतो. औषधोपचाराने, म्हणजे केमोथेरपीने, या पायरीवरच्या शंभरातल्या तिघा-चौघांचाच अधिकचा फायदा होतो. मग ते तिघे-चौघे कोण, हे ओळखल्याशिवाय शंभरांनाही सहा महिने सलाइन लावायचे का? आमच्या घरात सगळ्यांचे एकच म्हणणे होते: द्या, जे असेल ते द्या. कर्करोग झालेल्या माणसाला केमो न देणे आम्हाला हयगय वाटत होती. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, थोडे थांबा. आधी गाठीलाच विचारू या.’

मूळ अहवालात ती तपासणी नव्हती. केलीच नव्हती. म्हणून मी ती मेणाची वडी एका प्रयोगशाळेतून सोडवून, पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून, रिक्षाने दुसऱ्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिजोरीची रोकड नेताना वाटली नव्हती एवढी भीती मला त्या रिक्षात वाटली.

तपकिरी आणि निळे

तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. चार दिवसांनी अहवाल घ्यायला गेले तेव्हा मी म्हटले, मला बघायला मिळेल का? त्या हसल्या आणि दोघांना एकदम पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकापाशी त्यांनी मला बसवले. मेणाच्या वडीतून केसाहूनही कितीतरी पातळ अशी चकती कापतात. ती काचेवर घेऊन तिच्यावर एका विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड सोडतात. प्रथिन जागेवर असेल तर पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते. नसेल तर मागचा निळा रंग तेवढा उरतो. या तपासणीत चार प्रथिने शोधतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ आणि एमएसएच-६.

पहिल्या दोन काचा तपकिरी होत्या. तिसरी काच त्यांनी सरकवली आणि काही बोलल्या नाहीत. मला दिसले ते असे: गाठीच्या वेड्यावाकड्या वाढलेल्या पेशी सगळ्या निळ्या, आणि त्यांच्या मध्येमध्ये, चहूबाजूंनी, पिवळ्या जोंधळ्यात काळे तीळ पडावेत तसे तपकिरी ठिपके. ‘ठिपके कसले?’ मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘त्या रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी. त्या निरोगी आहेत, म्हणून त्यांच्यात प्रथिन आहे. त्यांच्याकडे बघूनच आम्हाला कळते की रंग नीट चढलाय आणि गाठीत प्रथिन खरोखरच नाही.’ चौथी काचही तशीच. एमएसएच-२ आणि एमएसएच-६, दोन्ही गैरहजर.

ही प्रथिने करतात तरी काय? माझी पहिली कादंबरी छापली गेली तेव्हा खिळे जुळवण्याचे दिवस संपत आले होते, पण संपले नव्हते. ‘खळखळखळ’ असा शब्द आला की जुळारी हमखास एखादा ‘खळ’ जास्तीचा जुळवायचा, नाहीतर गाळायचा. एकसारखी अक्षरे ओळीने आली की डोळा घसरतो. मुद्रितशोधकाचे काम हे घसरणे पकडण्याचे. आपली पेशी दुभंगते तेव्हा तिला सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या ग्रंथाची नक्कल करावी लागते, आणि त्या ग्रंथातही एकाच अक्षराच्या किंवा जोडीच्या लांबलचक ओळी जागोजाग आहेत. त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. नक्कल करताना तिथे चूक होतेच. ती हुडकून दुरुस्त करणारे मुद्रितशोधक म्हणजे ही प्रथिने. ती जोडीने काम करतात, आमच्याकडे तिजोरी उघडायला दोघांच्या किल्ल्या लागत तशी. एमएसएच-२ नाहीसे झाले की त्याचा जोडीदार एमएसएच-६ एकटा टिकत नाही. मग चुका साठत जातात, महत्त्वाच्या जनुकांत शिरतात, आणि त्यांतून गाठ उभी राहते. मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी सुमारे पंधरा या वाटेने होतात. बाकीचे बहुतेक दुसऱ्या वाटेने: १९९० साली एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी दाखवल्याप्रमाणे, एकामागून एक ठरावीक जनुके बिघडत जाऊन साध्या गाठोळ्याचा कर्करोग होतो.

‘ही बातमी चांगली की वाईट?’ मी विचारले. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुमच्या भावासाठी चांगली. घरच्यांसाठी... वडिलांकडे कोणाला काही झाले होते का?’

आत्या, शिवणकाम करणारी बाई आणि एक दारुडा

आधी चांगली बातमी. मुद्रितशोधक नसलेली गाठ इतक्या चुका साठवते की तिच्यात अनेक चमत्कारिक, शरीराला परकी वाटणारी प्रथिने तयार होतात. त्यामुळे प्रतिकार करणाऱ्या पेशी तिच्याभोवती गोळा होतात. मी पाहिलेले तपकिरी ठिपके म्हणजे तोच मोर्चा. म्हणून अशी गाठ, लवकरच्या पायरीवर सापडली तर, दुसऱ्या गाठींपेक्षा कमी वेळा उलटते. १९९३ साली या खुणेचा शोध लागला तेव्हाच असे रुग्ण अधिक जगतात हे दिसले होते. पुढे २००३ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या औषधचाचण्यांत भाग घेतलेल्या ५७० रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठी पुन्हा तपासल्या गेल्या. ज्यांच्या गाठीत ही खूण होती त्यांना फ्लुरोयुरॅसिल या नेहमीच्या औषधाचा फायदा झाल्याचे दिसेना. औषधाविना ते तसेही बरे राहत होते. मेणात कोणीतरी निष्ठेने जपून ठेवलेल्या वड्यांमुळे, वर्षानुवर्षे उशिरा, ही साक्ष निघाली.

भावाला केमो दिली नाही. आमच्या नातलगांपैकी निम्म्यांना वाटले की पैसे नसतील. एका काकांनी मला बाजूला घेऊन चेकबुकही दाखवले.

आता वाईट बातमी. माझे वडील शाळामास्तर. १९७९ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी, मिरजेच्या एका रुग्णालयात गेले. ‘आतड्याची गाठ’ एवढेच आम्हाला कळले. मी एकोणीस वर्षांची होते, भाऊ बारा. १९८६ साली आत्या गेली, सत्तेचाळीसाव्या वर्षी, गर्भाशयाच्या कर्करोगाने. तिचे दुखणे पदराआडचे मानले गेले, त्याविषयी पुरुषांसमोर कोणी बोलले नाही. बहीण-भावाच्या या दोन मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध असेल असे आमच्या मनातही आले नाही. एक पोटाचे, एक बायकांचे. आई म्हणायची, ‘त्यांच्या घरात आयुष्यच कमी.’ आम्ही ते दैवाच्या खाती मांडून मोकळे झालो.

असेच एक बोलणे १८९५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या गावी झाले होते. ॲल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईने सांगितले की आमच्या घरातली माणसे कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. दुसरा कोणी ‘उगाच मनाला लावून घेऊ नका’ म्हणून मोकळा झाला असता. वॉर्थिन यांनी तिची वंशावळ मांडली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. ती बाई खरोखरच तरुण वयात गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. १९६२ साली ओमाहा शहरात हेन्री लिंच या शिकाऊ डॉक्टरपुढे दारूच्या आहारी गेलेला एक रुग्ण आला. का पितोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, घरात सगळे आतड्याच्या कर्करोगाने मरतात, मीही मरणार, मग प्यायलो तर काय बिघडले? लिंच त्याच्या घराण्याचा माग काढत गेले. आनुवंशिक कर्करोग ही कल्पना तेव्हा फारशी कोणी मानत नव्हते. त्यांनी पुढची कित्येक वर्षे वंशावळी जमवण्यात घालवली. १९९३ पासून मुद्रितशोधक जनुके एकेक करून सापडू लागली आणि त्या वंशावळींना कागदाबाहेरचा पुरावा मिळाला. आज या व्याधीला ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात. वॉर्थिन यांच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला दोषही शेवटी सापडला. तो एमएसएच-२ मध्येच होता.

म्हणजे आमची आत्या आणि ती बाई, एकमेकींचे नावही न ऐकलेल्या, एकाच प्रथिनाच्या अभावाने गेल्या असाव्यात. ‘असाव्यात’ म्हणते, कारण वडिलांच्या किंवा आत्याच्या गाठीचा तुकडा कोणी जपलेला नाही, जपण्याचे काही कारणही तेव्हा नव्हते. पण भावाचे रक्त तपासले तेव्हा जनुकातला दोष जन्मजातच निघाला, आणि आईच्या माहेरी असे काही नाही.

साध्य, असाध्य आणि याप्य

सगळ्याच खुणा अशा दुधारी नसतात. काही नुसत्याच कठोर असतात. रुग्णालयाच्या बाकावर आम्हाला एक गृहस्थ भेटत. मराठवाड्यातले, चाळिशीतले शिक्षक. रोग यकृतात गेलेला. माझे वडीलही मास्तर होते हे कळल्यावर ते मला ताई म्हणू लागले. त्यांच्या गाठीत ‘बी-रॅफ’ या जनुकातला एक विशिष्ट बदल निघाला होता. आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी आठ-दहांत तो असतो, आणि पसरलेल्या रोगात तो बहुधा वेगाने वाढणाऱ्या दुखण्याची खूण ठरतो. ‘के-रास’ ही आणखी एक खूण, सुमारे चाळीस टक्के गाठींत सापडणारी. २००८ साली स्पष्ट झाले की के-रास बदललेले असेल तर सेटुक्सिमॅबसारखी महागडी औषधे कामच करत नाहीत. म्हणजे काही खुणा रोग कुठे जाणार ते सांगतात, काही औषध चालेल की नाही ते सांगतात, आणि काही दोन्ही सांगतात. के-रासच्या तपासणीने किती कुटुंबांचे जमीनजुमले निष्फळ औषधापायी विकले जाण्यापासून वाचले असतील, याचा हिशोब माझ्यातली बँकवाली अजून करत असते.

ते शिक्षक २०१९ च्या दिवाळीआधी गेले. बी-रॅफचा बदल असलेल्या रुग्णांसाठी दोन औषधे जोडीने दिली तर आयुष्य वाढते, हे दाखवणारी मोठी चाचणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत २०२० साली त्या उपचाराला मान्यता मिळाली. काल जी खूण केवळ अपशकुन होती ती आज औषधाचा पत्ता झाली. भावाच्या गाठीतल्या खुणेचेही असेच झाले. तो रोग पसरलेल्या अवस्थेत असता तर प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी नवी औषधे उपयोगी पडली असती. २०१७ साली अमेरिकेने पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला केवळ ही खूण पाहून, गाठ कोणत्या अवयवात आहे हे न विचारता, मान्यता दिली. २०२२ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातून बातमी आली की ही खूण असलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या बारा रुग्णांची गाठ दोस्तारलिमॅब या औषधानेच दिसेनाशी झाली, कोणालाही शस्त्रक्रिया लागली नाही. बारा ही संख्या लहान आहे, आणि औषधाची किंमत लाखांत. दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवाव्या लागतात.

रोगाचे भवितव्य सांगण्याची आपली परंपरा जुनी आहे. चरकाने व्याधींचे चार वर्ग केले: सुखाने बरे होणारे, कष्टाने बरे होणारे, औषधावर तगून राहणारे आणि हात न लावण्याजोगे. तिसऱ्या वर्गाला त्याने ‘याप्य’ असा शब्द वापरला आहे. माझ्या मते तो आजच्या कर्करोगाला फार चपखल बसतो. मरणाच्या खुणांवर तर चरकसंहितेत इंद्रियस्थान नावाचे बारा अध्यायांचे प्रकरणच आहे. आणि ते संपवताना चरक वैद्याला जे बजावतो ते मला खुणांहून मोलाचे वाटते: मरण दिसत असले तरी विचारल्याशिवाय सांगू नकोस, आणि विचारले तरी ज्याने रोग्याचा किंवा त्याच्या माणसांचा घात होईल असे सांगू नकोस.

आज मात्र न सांगून भागत नाही. कारण गाठीतली खूण एकट्या रोग्याची नसते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्यांचा, आपला नव्हे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. आपल्याकडे त्याचे प्रमाण तुलनेने कमी आहे हे खरे. जगात २०२० या एका वर्षात त्याचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक माणसे त्याने गेली. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या पाहण्या सांगतात की आपले रुग्ण तिकडच्यांपेक्षा तरुण असतात आणि गुदाशयाच्या गाठी आपल्यात अधिक. १९४१ साली सुरू झालेल्या याच रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी गाठींचा अभ्यास उभा केला. मराठी वाचकाला खानोलकर म्हटले की आधी चिं. त्र्यं. आठवतात; भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे हे दुसरे खानोलकरही आठवावेत. आज चार प्रथिनांची ही तपासणी मुंबई-पुण्यात काही हजार रुपयांत होते, आणि मोठ्या आतड्याच्या प्रत्येक कर्करोगात ती करावी असे जाणकार सांगतात. प्रत्येकात होते मात्र असे नाही. म्हणून ज्यांच्या घरी ही वेळ आली असेल त्यांना एवढेच सांगते: अहवालात ही चार नावे आहेत का बघा, नसतील तर विचारा. आणि गाठीची वडी कुठे ठेवली आहे त्याची पावती जपा.

माझ्याविषयी सांगायचे राहिले. भावाचा दोष निश्चित झाल्यावर मी स्वतःचे रक्त द्यायला चार महिने लावले. आई-वडिलांपैकी एकाकडे दोष असेल तर मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. नाणे वर उडालेले असते, ते एकोणसाठ वर्षांपूर्वीच खाली पडलेले असते, आपण फक्त हात उचलून पाहायचे असते. तो हात उचलवत नव्हता. भाऊच म्हणाला, ‘ताई, मला आठ महिने लोहाच्या गोळ्या देत होते. तू कशाच्या गोळ्या घेत बसली आहेस?’

माझ्यातही दोष निघाला. या जनुकाच्या बाबतीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची आयुष्यभराची शक्यता निम्म्याच्या आसपास, आणि बाईला गर्भाशयाच्या कर्करोगाची जवळपास तेवढीच. मी गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करते. आदल्या दिवशीचे ते खारट औषधी पाणी पिताना फिनलंडमधला एक अभ्यास आठवते. तिथे अशा घराण्यांतल्या २५२ माणसांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवले. नियमित तपासणी करणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघाले. २०२१ साली माझ्या आतड्यातले एक लहानसे गाठोळे असेच काढले गेले. ते ठेवले असते तर काय झाले असते हे सांगता येत नाही. वडिलांच्या बाबतीत काय झाले ते ठाऊक आहे.

भावाला २०२३ साली पाच वर्षे पूर्ण झाली. त्याच्या मुलाने स्वतःहून रक्त दिले. त्याच्यात दोष नाही. त्या दिवशी भाऊ ढसाढसा रडला. स्वतःच्या निदानाच्या दिवशी तो रडला नव्हता.

राहिली माझी मुलगी. चौतिसाची आहे, बंगळूरला असते, तिला पाच वर्षांचा मुलगा आहे. तिला सगळे माहीत आहे. अहवालाची प्रत मी तिला दिली, एकदा समजावले, दुसऱ्यांदा भांडले. ‘आई, तुला कळले म्हणून तू मोकळी झालीस,’ ती म्हणाली, ‘मला कळले की मला रोज त्याच्याकडे बघावे लागेल.’ त्याच्याकडे म्हणजे मुलाकडे. बँकेत थकबाकीदाराच्या दारात मी न लाजता उभी राहिले आहे, पण इथे तिसऱ्यांदा तगादा लावायचा धीर होत नाही. चरकाने ‘विचारल्याशिवाय सांगू नकोस’ म्हटले तेव्हा त्याच्यापुढे रोगी होता. ज्याला अजून काहीच झालेले नाही अशा पोटच्या मुलीचे काय करावे, हे त्याने लिहिलेले मला सापडले नाही. तपासणी न करण्याचा हक्क तिचा आहे हे मला पटते. ती चूक करते आहे हेही मला पटते. ही दोन्ही खाती मी आजवर जुळवू शकलेले नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नेहमीच्या गोष्टी झाल्या. मुलाची शाळा, घरकामाच्या बाई, पाऊस. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, ‘मामाची ती वडी अजून आहे ना गं तुझ्याकडे?’

‘आहे,’ मी म्हटले. ‘पावत्यांच्या कप्प्यात आहे.’

‘बरं,’ ती म्हणाली. पुढे तिने काही विचारले नाही, आणि मीही काही सांगितले नाही.